आधी अंथरूण, मग छप्पर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही कराडजवळचे चौघं मित्र. व्हिडिओ बघून बघून ठरवलंय, की तंबू न नेता कोयनेच्या जंगलात दोन रात्री काढायच्या आणि फक्त फांद्या, पानं, वेली वापरून झोपडी बांधायची. डिसेंबरअखेर जाणार आहोत. छप्पर गळू नये म्हणून ते कसं बांधायचं?"

जागेचा विषय आधी संपवतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सुमारे 1,165 चौरस किलोमीटरचा हा पट्टा सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलाय. तिथं परवानगीशिवाय शिरणं, रात्री राहणं, फांदी तोडणं, जाळ करणं हे सगळं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतं. बामणोलीहून लाँचनं वासोट्याला जाणाऱ्यांनाही अंधाराआधी परत फिरावं लागतं, मुक्काम चालत नाही. अभयारण्याबाहेरच्या राखीव वनातही कोयता चालवला तर तो गुन्हाच. जीवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी, पण हौसेला ती सवलत नाही. तेव्हा कोयना डोक्यातून काढा. तुमच्यापैकी कुणाच्या तरी मामाची डोंगरकडेला पड जमीन असेल, पाटण, मेढा, शिराळा, कुठंही. मालकाला विचारा आणि तिथं जा. वाळून पडलेलं लाकूड, गळलेला पाला आणि शिवारातला पेंढा एवढ्यावर सगळं शिकता येतं.

आता छप्पर. डिसेंबरअखेर आपल्याकडं पाऊस नसतो, मग गळणार काय? पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण छपराचाच प्रश्न विचारतो, कारण फोटोत छप्पर दिसतं. तुम्हाला रात्री तीन वाजता उठवणार आहे ती खालची जमीन.

हे मी पाठ फोडून घेऊन शिकलोय. वीसेक वर्षांपूर्वीची जानेवारीतली गोष्ट. जावळीच्या बाजूला डोंगराच्या धारेवरून उतरताना आम्ही दोघं कारवीच्या झुडपांत वाट चुकलो आणि अंधार पडला. एक कोयता, अर्धी भाकरी आणि अंगावरचे कपडे एवढंच जवळ. दीड तास खपून आम्ही जांभळीच्या पडलेल्या फांद्यांचं असं देखणं छप्पर केलं, की दुसऱ्या दिवशी फोटो काढायला माणूस आणावा. खाली मात्र मुरूम हातानं साफ केला, त्यावर चार मुठी पाला टाकला आणि आडवे झालो. पहिली दोन तास छान झोप. मग पाठ गार पडायला लागली. कूस बदलली की ती बाजू गार. दोनच्या सुमाराला माझा जोडीदार काही न बोलता उठला, निम्मं छप्पर उपसलं आणि ते सगळं खाली अंथरलं. वर चांदणं दिसत होतं आणि आम्ही दोघं उजाडेपर्यंत गाढ झोपलो.

कारण साधं आहे. तुमच्या अंगाखालची हवा तुमच्या वजनानं दबून निघून जाते आणि अंग थेट जमिनीला भिडतं. जमीन रात्रभर ऊब ओढत राहते, तिचं पोट काही भरत नाही. वरून जाणारी ऊब अंगावरचे कपडे, छप्पर, नाहीतर झाडाचा पसारा थोडीफार तरी अडवतो. खालून अडवायला पाल्याशिवाय दुसरं काही नसतं.

म्हणून अंथरूण गुडघाभर रचायचं. त्यावर लोळायचं, दाबायचं, परत भरायचं. दबल्यावर वीतभर जाडी उरली पाहिजे, त्यापेक्षा कमी असेल तर अजून पाला आणा. कडेला दोन्ही बाजूंनी मांडीएवढे जाड ओंडके लावले, की पाला रात्री बाजूला सरकत नाही. ही युक्ती क्षुल्लक वाटते, पण ओंडके नसले तर मध्यरात्री माणूस खड्ड्यात आणि पाला दोन बाजूंना ढीग करून पडलेला असतो.

कुठला पाला? ऐन आणि किंजळ ही आपल्या पानगळीच्या रानातली झाडं मोठी पानं टाकतात. ती वाळताना मुडपतात आणि त्या मुडपण्यात हवा अडकून बसते. हे उत्तम. सागाचं पान मोठं, पण सपाट. एकावर एक बसून त्याची पत्रावळ होते, शिवाय कूस बदलली की कडाकडा वाजतं. अंजनी-जांभळीच्या सदाहरित रानात पाला पातळ आणि ओलसर असतो, तिथं दुप्पट वेळ धरा. बांबूच्या बेटाखालचा पाला मऊ आणि कोरडा, पण आधी काठीनं उलटून पाहावा. भाताचा पेंढा मिळाला तर बाकी सगळं विसरा, त्याच्यासारखं अंथरूण नाही. गवत घेताना कुसळीचं घेऊ नका. दुरून सोनेरी मखमल दिसते, पण त्याची कुसळं कपड्यातून आत शिरतात आणि आठवडाभर मोज्यांतून निघत राहतात.

पाला गोळा करताना हात घालायच्या आधी काठीनं ढवळायचं, हा नियम मोडायचा नाही. फुरसं वाळल्या पाल्यात दिसतच नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तरी कित्येकदा कळतसुद्धा नाही. म्हणून वारूळ, उंदरांची बिळं, दगडांची रास यांच्याजवळ झोपायचं नाही. साप चावल्याची नुसती शंका आली तरी उजाडायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. गोचीड आणि बारीक किड्यांसाठी पॅन्टचे पाय मोज्यात खोचा, सकाळी एकमेकांची मान, काख, कंबर तपासा. नंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात झोपल्याचं आवर्जून सांगा. पाल्या-गवतातल्या किड्यांमुळे येणारे ताप वेगळे असतात आणि हे कळल्याशिवाय त्यांना त्या दिशेनं सुचत नाही.

जागा निवडण्यात तुमची अर्धी रात्र ठरते. उंचावर गेलं की हवा हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे कराडपेक्षा महाबळेश्वर चार-पाच अंशांनी थंड असणारच. पण निरभ्र, शांत रात्री एक उलटा प्रकार होतो. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागेत साचते. महाबळेश्वरात दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठावरूनच का येते, त्याचं एक कारण हेच. ओढ्याच्या काठी सपाट, मऊ, सुंदर जागा दिसते आणि तीच सगळ्यात गार असते. माथ्यावर जावं तर वारा सालटं काढतो. मधल्या उतारावर, झाडांच्या आडोशाला, सकाळचं ऊन लवकर येईल अशा पूर्वेच्या अंगाला बसा. पाणवठ्यापासून लांब राहा. तिथं रात्री गवे आणि डुकरं येतात, त्यांच्या वाटेवर झोपून त्यांची अडचण करू नये. जागा ठरवायच्या आधी मान वर करून दोन मिनिटं नुसतं पाहा. वाळकी फांदी अडकलेली आहे का? आग्या मोहोळ आहे का? आमच्या भागात किल्ल्यांवर मधमाश्या उठून माणसं मेली आहेत, आणि त्या उठतात त्या बऱ्याचदा धुरानं. मोहोळ दिसलं की जागाच बदला.

आता बांधकाम. यासाठी इंग्रजी नावं पाठ करायची गरज नाही, आपल्या जुन्या घरातले शब्द पुरतात: मेढ, आढं, वासे, ओंबण, शाकार.

मेढ म्हणजे वर बेचकं असलेला खांब. इथं ती कमरेएवढीच उंच लागते. तेवढ्या उंचीवर फांदी फुटलेलं झाड असेल तर त्याचंच बेचकं वापरा. तिच्यावर आढ्याचं, म्हणजे छपराच्या कण्याचं, एक टोक ठेवायचं आणि दुसरं टोक जमिनीवर टेकवायचं. आढं तुमच्या उंचीच्या दीडपट, मनगटाएवढं जाड आणि खात्रीचं. त्याला धरून लोंबकळून पाहा. मोडलं तर ते आत्ताच मोडू दे. अशा रीतीनं तोंडाशी कमरेएवढं आणि पायाशी निमुळतं होत जाणारं पाखं, म्हणजे उतरतं छप्पर, तयार होतं, उलट्या पडलेल्या होडीसारखं. दोन्ही बाजूंनी वीत-वीत अंतरावर वासे, म्हणजे तिरक्या काठ्या, टेकवायचे. ते आढ्याच्या वर चार बोटांपेक्षा जास्त निघू देऊ नका, पावसाचं पाणी त्या टोकांवरून आत उतरतं. वाशांवर आडव्या-तिडव्या बारीक काटक्या, म्हणजे ओंबण. ते नसेल तर पाला वाशांमधून आत गळून तुमच्या तोंडावर पडतो.

मग पाला, म्हणजे शाकार. खालून वर रचत जायचं आणि थांबायचं नाही. पुरेसा झालाय का हे ओळखायची माझी खूण अशी: बाहेरून हात सरळ खुपसायचा. कोपरापर्यंत गेला आणि तरी बोटांना ओंबण लागलं नाही, तर आपल्या साध्या हिवाळ्याला पुरे. महाबळेश्वर, कास, पाचगणीच्या उंचीवर असाल तर दीड हात. वरून करवंदीच्या किंवा कसल्याही वाळक्या फांद्या टाका, नाहीतर पहाटेच्या वाऱ्यात पाला गावभर होतो.

आत जागा किती हवी? तुम्ही आडवे पडलात आणि दोन्ही बाजूंना एक-एक तळहात उरला, एवढीच. आतली हवा तापवणारा जाळ म्हणजे तुमचं अंग, दुसरा कुठला नाही. चौघांना बसून पत्ते खेळता येतील अशी झोपडी बांधाल तर चौघंही कुडकुडाल. दोघांची एक अशा दोन करा. तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. हिवाळ्यात रात्री वारा बहुधा पूर्वेकडून किंवा उतारावरून खाली येतो, पण पुस्तकावर जाऊ नका, मूठभर चुरलेला पाला सोडून पाहा. तोंड बंद करायला एका पोत्यात पाला कोंबून त्याचं बूच करायचं. आत शिरल्यावर ते ओढून घ्यायचं, वर वीतभर फट हवेला ठेवायची.

वेळेचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. दोघांनी एक झोपडी पहिल्यांदा बांधायची तर चार तास जातात, त्यातले अडीच नुसते पाला वाहण्यात. डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दरीत चारलाच सावली येते आणि तासाभरात पाला दवानं सादळायला लागतो. म्हणजे दुपारी एकला सुरुवात. पाला वाहायला घोंगडी किंवा लुंगी पसरून गाठोडं करा, कवेत धरून आणलेला पाला निम्मा वाटेत सांडतो.

बांधायला काय, हा पुढचा प्रश्न. वर सांगितलेल्या झोपडीला खरं तर बांधणीच लागत नाही, सगळं एकमेकांवर टेकलेलं असतं, आणि मला तीच गोष्ट आवडते. तरी शिकायचं असेल तर मुरुडशेंग शोधा. पिळदार शेंगांवरून ओळखू येते, तिच्या सालीचा वाख, म्हणजे दोरीचा धागा, चिवट निघतो. आपट्याच्या सालीचाही होतो. वाळलेली, मोडून पडलेली फांदी घ्या, रात्रभर पाण्यात ठेवा. बोटभर रुंदीची साल सोलून आतला पांढरा पदर वेगळा करा. दोन पदर घ्या, प्रत्येकाला उजवीकडं पीळ द्या आणि पीळ दिलेले पदर एकमेकांवर डावीकडं टाका. दोन उलटे पीळ एकमेकांना धरून ठेवतात, सोडलं तरी उलगडत नाही. एक पदर संपत आला की चार बोटं आधीच नवा सामील करा, दोन्ही पदर एकदम संपू द्यायचे नाहीत, जोड तिथंच तुटतो. हातभर दोरीला नवख्याला अर्धा तास लागतो. म्हणून खिशात सुतळीचा तोडा असावा. मी कित्येक वर्षं हे शिकवतोय आणि माझ्या खिशात नेहमी सुतळी असते, त्यात कमीपणा कसला? बांधावरच्या घायपातीचाही वाख होतो, पण पान ठेचताना रस अंगाला लागला की फोड येईपर्यंत खाजवतं. वेल ओढण्याआधी वर पाहायचं. डिसेंबर-जानेवारीत खाजकुयलीच्या शेंगा वाळून लटकलेल्या असतात, एक हिसका दिला की त्यांची लव चौघांच्याही अंगावर, आणि मग कसली झोप. बिब्ब्याचा आणि शेराचा चीकही असाच टाळायचा.

कारवीबद्दल विचाराल, म्हणून सांगतो. अंगठ्याएवढी जाड, सरळ, हलकी. आपल्याकडच्या जुन्या घरांचे कूड, म्हणजे भिंती, तिचेच. उभ्या काठ्या, आडवं विणकाम, वरून शेणमाती. सात-आठ वर्षांनी एकदा सगळी कारवी फुलते आणि बी धरून वाळते, त्यानंतर वाळकी कारवी हवी तेवढी मिळते. वाशाला, ओंबणाला, कुडाला ती छान, पण आढ्याला कधीही नको. भार आला की कटकन मोडते.

आता पावसाळा. तुम्ही विचारलं नाहीत, पण डिसेंबरात जमलं की जुलैत जाणार हे मला ठाऊक आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो जेमतेम 500 च्या आसपास. एकाच सातारा जिल्ह्यात निवाऱ्याची दोन वेगळी शास्त्रं आहेत. पश्चिमेकडच्या पावसात चार तासांत नुसत्या पानांचं न गळणारं छप्पर नवख्याला होत नाही. मलाही दरवेळी होत नाही. एकदा ऑगस्टात शिबिराच्या पोरांसमोर मोठ्या तोऱ्यात बांधलेलं माझं छप्पर अर्ध्या तासात चाळणीसारखं गळलं, आणि पोरं इतकी सभ्य की कुणी हसलंसुद्धा नाही. पावसाळ्यात प्लास्टिकचा जाड कागद सोबत न्यायचाच.

तरीही पानांचं छप्पर कसं धरतं हे समजून घ्यायचं असेल तर जुनं इरलं मिळतंय का बघा. भातलावणीला बायका डोक्यावर घेऊन वाकायच्या ते. आता प्लास्टिकच्या खोळी आल्या, पण पाटण-जावळीकडं एखाद्या घरात माळ्यावर असेल. त्यात बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या असतात आणि पानं त्यांच्या मधे दाबलेली असतात. सगळी गोम या दुसऱ्या, वरच्या जाळीत आहे. आपण पानं रचतो आणि सोडून देतो. पहिल्या झोतात वारा पानाची कड उचलतो, पाणी खाली शिरतं आणि मग ते पान उलट पन्हळ बनून पाणी आत आणतं. पानं रचून झाली की वरून काटक्यांची दुसरी जाळी बांधून दाबली तर तेच छप्पर तग धरतं. पानं लावायची कौलांसारखी, वळचणीकडून आढ्याकडं. देठ वर, टोक खाली, आणि प्रत्येक ओळीनं खालच्या ओळीचा दोन तृतीयांश भाग झाकलेला. ओल्या दिवसांत पळस, कुंभा, साग यांची रुंद पानं बरी. उतार हवा निदान 45 अंश, म्हणजे एका बाजूचं पाखं जमिनीवर जेवढी रुंदी झाकतं तेवढीच त्याची उंची. चापट छपरावर पाणी वाहत नाही, मुरतं.

आणि पावसात जमिनीवर झोपायचंच नाही. खालून पाणी, जळवा, सगळंच. चार मेढी रोवून त्यावर माच बांधायची, राखणीला बांधतात तशी, गुडघाभर उंच पुरे. वरच्या बाजूला चर खणून पाणी वळवायचं. सड्यावर, म्हणजे कासला आहे तशा जांभ्या दगडाच्या पठारावर, मुक्काम नको. पाणी मुरायला तिथं माती नसते, ते अख्ख्या पठारावरून वाहतं. शिवाय एप्रिल-मेच्या वळवात तिथं सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, आणि वीज उंच वस्तू शोधते.

भिजलेला माणूस जुलैतही गारठून मरू शकतो, त्याला बर्फ लागत नाही. कुडकुडणं, मग बोबडी वळणं, हातातून वस्तू पडणं, आणि नंतर कुडकुडणंच थांबणं हा क्रम लक्षात ठेवा. शेवटची पायरी बरं वाटल्याची नसते. ओले कपडे काढा, कोरडं काहीही गुंडाळा, जाड अंथरुणावर दोघांच्या मधे झोपवा, शुद्धीत असेल तर गोड कोमट पाणी द्या. दारू अजिबात नाही.

पूर्वेकडं, माण-खटाव, आटपाडी, जत, तिथं वरचं सगळं विसरायचं. पालाच नाही, तर पाल्याची झोपडी कुठली? तिकडच्या मेंढपाळांकडून शिका. दगडाची कमरेएवढी आडभिंत वाऱ्याच्या अंगाला, तिच्या पोटात घोंगडी, बस. उन्हाळ्यात तिथं थंडीऐवजी उन्हापासून लपायचं असतं. कडुलिंबाच्या डहाळ्यांचा मांडव करताना एकाऐवजी दोन थर करा, मधे हातभर पोकळी सोडा. वरचा थर तापतो, पोकळीतून वारा जातो, खालचा गार राहतो. जमिनीचा वरचा वीतभर तापलेला थर खरवडून बाजूला केला तरी बसायला फरक पडतो.

जाळाबद्दल दोनच वाक्यं. पाल्याच्या झोपडीत किंवा तोंडाशी जाळ करायचा नाही, ती झोपडी म्हणजे आयती होळी आहे. आणि फेब्रुवारी ते मे या काळात वाळक्या गवताच्या उतारावर झोपायचंच नाही, वणवा चढाकडं माणसाच्या धावण्यापेक्षा वेगानं येतो.

खरंच वाट चुकलात तर हे सगळं अर्धंमुर्धं करायचं आणि लवकर करायचं. तासभर उजेड शिल्लक असताना चालणं थांबवा. रात्री उतरत राहिलेली माणसं आम्ही कड्याखालून आणली आहेत. जागेवर बसून राहिलेली सकाळी चहा पिऊन घरी गेली. फोनला रेंजची एक काडी जरी असली तरी 112 लावा, मग बॅटरी वाचवा. तासाभरात फक्त अंथरूण करा. छपराला वेळ उरला नाही तर अंगावरच पाला ओढून घ्या, शर्ट-पॅन्टच्या आत कोरडा पाला कोंबा. विनोदी दिसतं, पण पाल्यानं फुगलेला माणूस गारठत नाही. झोपलेल्या जागेपासून दिसेल असं रंगीत काहीतरी उघड्यावर टांगा. चांगला निवारा रानात असा मिसळून जातो की शोधणारे दहा फुटांवरून हाका मारत निघून जातात, आणि तुम्ही आत घोरत असता.

सरावाला सुरुवात कुठं करायची? डोंगरात नको, उसाच्या फडात करा. तुम्ही कराडचे, डिसेंबरात तोडणी सुरू असते, पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, हवं तेवढं मिळेल. ऊसतोडीच्या टोळीची कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहताना एकदा नीट पाहा. बांबू कुठं वाकवतात, पाचट कुठल्या दिशेला लावतात, दार कुणीकडं ठेवतात, सगळं तिथं उघड दिसतं. त्यांच्या मुकादमाला विचारलंत तर माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगेल. पाचट अंगाला चरचरतं, पात्याची कड कापते, म्हणून अंथरुणासाठी ते पोत्यात भरून घ्या. घरापासून हाकेच्या अंतरावर पहिली रात्र काढा. उशाला बॅटरी आणि पाणी ठेवा. जाग येईल तेव्हा किती वाजलेत आणि अंगाची कुठली बाजू गार आहे, एवढं फोनमध्ये लिहून ठेवा. पाठ असेल तर अंथरूण कमी पडलं. पाय असतील तर पायाकडची फट भरायची राहिली. डोकं असेल तर पोत्याचं बूच नीट बसलेलं नाही, किंवा टोपी घालायची विसरलात. सकाळी पाचट परत शेतात पसरून टाका, मालकाला ते सरीत कुजवायला लागतं, आणि ज्या खुणेवर बोट आलं तेवढंच दुसऱ्या रात्री दुरुस्त करा.